डावा सांगितलेला कौल

युरोपची टूर मुलाने ठरवली. तो, सून, त्यांची दोन पोरं, आमचे हे, मी आणि पुण्याहून लेक, असे सात जण. दहा दिवस, पॅरिसपासून स्वित्झर्लंडच्या बर्फापर्यंत, आणि जेवायला वरणभात मिळेल अशी छापील हमी. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली घेतली, कारण मे सरेपर्यंत देवगडचा आंबेवाला मरायलासुद्धा मोकळा नसतो. ह्यांनी मुलाला फोनवर विचारलं, तिकडे जाऊन बघायचं काय? मुलगा म्हणाला, बर्फ. हे म्हणाले, बर्फ मी बंदरावर मासळीच्या टेम्पोत रोज बघतो. पण मनातून खूश होते, दुसऱ्या दिवशी जुनी बॅग काढून घरापुढच्या खळ्यात उन्हात टाकली.

लेकीचा फोन त्यानंतर आठवड्याने आला. जानेवारी होता, कलमं मोहरावर होती.

"आये," ती म्हणाली, "टूरच्या आधीचो एक आठवडो माका दे. फक्त तू नि मी."

"खंय?"

"पोर्तुगालात. लिस्बनाक. तुझे शब्द खंयसून इले ता बघुया."

माझे शब्द म्हणजे मी वर्गात शिकवायचे ते. बटाटा, काजू, अननस, पाव, चावी, साबण, मेज, पगार. पोर्तुगिजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची ही यादी मी एकतीस वर्षं हायस्कुलातल्या पोरांकडून पाठ करून घेतली. लेक माझ्याच वर्गात होती. माझ्या हातची छडी तिनेही खाल्ली आहे, आणि इतरांपेक्षा एक जास्तच, कारण बाईंनी आपल्या मुलीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको होतं. 'मेज' विसरली म्हणून एकदा तिला तासभर बाकावर उभी केली होती. ती यादी तिच्या डोक्यात राहिली असेल, आणि राहून वर तिला माझ्याबरोबर तिकडे जावंसं वाटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मला आनंद झाला. पण आनंद झाला की तो लपवायचा ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "गोंयातसून गेलेल्या पोर्तुगिजांका शोधूक आता मी जाव?" ती हसली. तिला माझी सवय आहे, किंवा होती म्हणू.

मग दर रविवारी तिचे बेत फोनवर यायला लागले. सात दिवसांचे सात चौकोन आखलेला तक्ता. पहिला दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी मासळीबाजार, आणि कोळशावर भाजलेले पेडवे. तिकडे म्हणे पेडव्यांचं मोठं कौतुक. आमच्याकडे पेडवे पाहुण्यापुढे ठेवले तर पाहुणा पुन्हा येत नाही. तिसऱ्या दिवशी आगगाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने एका गावाला. पाचव्या दिवशी निळ्या नक्षीच्या फरश्या बघायच्या, सहाव्या दिवशी चढ असलेल्या गल्ल्यांतून ट्राम, सातव्या दिवशी बॅगा भरणं आणि पॅरिसला जाऊन बाकीच्यांना भेटणं. प्रत्येक चौकोनात मला बसायला बाक कुठे आहे, संडास कुठे आहे, हेसुद्धा लिहिलेलं. दर रविवारी काहीतरी बदलायचं. मी काही बोलले की पुढच्या रविवारी ते दुरुस्त होऊन यायचं.

फक्त चौथा चौकोन रिकामा. दोन रविवार मी काही म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी विचारलं.

"चौथ्या दिसाक काय?"

"काय नाय. बोलुया."

"मगे आता काय करतंव?"

"फोनार बोलूचा नाय ता," ती म्हणाली आणि विषय बदलून माझ्या पायाचं माप विचारलं.

काय बोलायचं असेल ते मला ठाऊक होतं. गेली सोळा वर्षं आम्ही दोघी ते सोडून बाकी सगळं बोलत आलो होतो.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी लेक एक बॅग घेऊन घरी आली होती. सव्वीस वर्षांची. सासर घाटावरच्या शहरात, घर चांगलं, नवरा चांगल्या नोकरीत. आल्यावर तिने सांगितलं, तो बोलत नाही. म्हणजे भांडत नाही, ओरडत नाही. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की महिना महिना तोंड उघडत नाही. जेवायला वाढलं तर जेवतो, समोरून गेलं तर भिंत बघावी तसा बघतो. तेव्हाचा अबोला चार महिन्यांचा होता आणि कारण तिला अजून समजलेलं नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मारीत तर नाय मा?"

ती म्हणाली, नाही. मग मला ते दुखणं मोठं वाटलं नाही. बोलत नाही म्हणजे काय झालं, आमचे हे तरी कुठे बोलतात?

ती चाळीस दिवस राहिली. परत जायचं नाही म्हणाली. गावात विचारपूस सुरू झाली. तिच्या सासूचे निरोप यायला लागले. हे म्हणाले, तू आई आहेस, तू बघ. मला ठरवता येईना. मग मी आमच्या गावच्या देवीला कौल लावला.

आमच्याकडे हे सर्रास आहे. घर बांधायचं, विहीर खणायची, मुलगी द्यायची, बोट घ्यायची, माणूस आधी देवळात जातो. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे गप्प बघत उभे राहतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी विचारलं, लेकीला सासरी परत पाठवू काय? बराच वेळ काही पडलं नाही. मग उजवी पडली.

मी घरी येऊन तिला सांगितलं. तिने बॅग भरली. ह्यांनी तिला वैभववाडीला नेऊन गाडीत बसवलं. ती आठ वर्षं तिथे राहिली. नंतर एक दिवस आपण होऊन निघाली, तेव्हा देवीला विचारलं नाही आणि मलाही नाही. घटस्फोट झाल्यावर कळवलं, नोकरी लागल्यावर कळवलं, पुण्यात घर घेतल्यावर वास्तुशांतीला बोलावलं. माझ्याशी नीट वागली. मी मात्र त्या आठ वर्षांविषयी तिला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

तर तो चौथा दिवस. परक्या मुलखात एका खोलीत ती नि मी, बाहेर जायला ओळखीची वाट नाही, शेजारीण येऊन विषय मोडणार नाही, ह्यांना चहा द्यायचं निमित्त नाही. ती विचारणार आणि मला उत्तर द्यावं लागणार. मी ठरवलं, जायचं नाही. पण जात नाही असं सरळ सांगितलं तर ती कारण विचारेल. म्हणून मी कुरतडायला सुरुवात केली.

आधी गुडघे काढले. तिने चालायचे बूट पाठवले आणि रोज सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर, फिरून ये म्हणाली. मी रोज सकाळी सडा पार करून पलीकडच्या वाडीपर्यंत जाऊन यायचे, बूट मऊ होते, पाय हलके पडायचे, आणि फोनवर सांगायचे, गुडघे सुजले. तिने तक्त्यातली चढाची गल्ली काढून टाकली. मग मी जेवण काढलं. तिने स्वयंपाकघर असलेली खोली शोधली. मग मी थंडी काढली. मेमध्ये तिकडे थंडी नसते, असं तिने नकाशा नि आकडे पाठवून सांगितलं. मी म्हटलं, तुका सगळा ठावक. तिने एवढं करूनही मी कुठेच बरं म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ती जेवढी पुढे येत गेली तेवढी मी अधिक तिखट होत गेले. तिला धावताना बघून मला एक प्रकारचं सुखही होत होतं, हे लिहायला लाज वाटते, पण होत होतं.

फेब्रुवारीत ती दोन दिवस घरी आली, पासपोर्टाचे कागद न्यायला. शेजारीण चौकशीला आलीच, मायलेकी कुठे निघालात म्हणून. लेक आत नारळ खवत होती. मी मुद्दाम आवाज न दाबता म्हटलं, "घोव सांभाळूक जमलो नाय, आता आवशीक फिरवतली."

आतला खवण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. थोड्या वेळाने ती शेजारणीसाठी चहा घेऊन बाहेर आली, साखर पुरेशी आहे का विचारलं आणि माझ्या शेजारी बसून कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. जाताना म्हणाली, "तारखा नक्की करतंय आता. अजून काय आसा?"

आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "देवीक विचारूक होयां."

तिने कागद पिशवीत घातले. "विचार," म्हणाली.

ती पुण्याला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी देवळात गेले. तिथला जुना गुरव वारला, आता त्याचा मुलगा आहे, माझा विद्यार्थी. अजून मला बघून उभा राहतो. त्याने गाऱ्हाणं घातलं, ही तुझी लेक आपल्या लेकीवांगडा दर्यापार जावक बघता, जाव काय नको ता सांग माउली. पाकळ्या लावल्या. माझे हात जोडलेले आणि जिवाचा आटापिटा चाललेला, की डावी पड. आयुष्यात देवीकडे इतकं मनापासून मी काही मागितलं नसेल. त्याने हात खाली घेतला नाही तोच उजवी पडली.

"बाई," तो म्हणाला, "माउलीन वाट बघूक लावल्यान नाय."

मी दक्षिणा ठेवली, प्रसादाचं फूल पदरात बांधलं आणि घरी येऊन लेकीला फोन लावला.

"डावो पडलो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "बरा."

एवढंच. आमच्याकडे माणूस तलाठ्याशी भांडेल, कोर्टात जाईल, सख्ख्या भावाची बांधावरून गचांडी धरेल, पण कौलाशी भांडत नाही. पुण्यात राहून दिवसभर संगणकावर काम करणारीसुद्धा नाही. तिचा विश्वास आहे की नाही हे मला आजही माहीत नाही. नसला तरी ती काही बोलली नसती, कारण कौल खोटा म्हणणं म्हणजे तो सांगणाऱ्या आईला खोटं म्हणणं. मी त्याचाच फायदा घेतला. मी खोटं फार वेळा बोलत नाही, पण बोलले की हिशेबाने बोलते.

दोन दिवस मला गाढ झोप लागली. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की ती एकटीच जाणार आहे, तो आठवडा तिने रजा टाकलेली आहे. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं ह्यांना, बघा, आईशिवाय काही अडलं का तिचं? हे पेट्यांचे खिळे मोजत होते, त्यांनी मान डोलावली.

एप्रिलच्या शेवटी आंबा जोरात होता. लेक चार दिवसांसाठी आली, दरवर्षी येते. पेंढा अंथरून पेटी भरणं तिच्याइतकं नीट कुणाला जमत नाही, फळाला फळ लागत नाही आणि पेटी हलली तरी आवाज येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नारळ घेऊन देवळात गेली. मी म्हटलं असतं नको जाऊ, तर कारण काय सांगणार? मी खळ्यात आंबे निवडत बसले. पिकायला आलेले एका बाजूला, हिरवे दुसऱ्या बाजूला, डाग पडलेले तिसऱ्या बाजूला.

ती परत आली, पाय धुतले, माझ्यासमोर बसली आणि पेटी पुढे ओढली. दोन थर लावून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरव विचारी होतो, आवशीक घेऊन कधी जातस. म्हणालो, उजवो पडल्यावर उशीर करू नये."

मी म्हटलं, "तेका शाळेतसुद्धा डावो-उजवो कळा नाय."

हे मी त्या बिचाऱ्याबद्दल बोलले, जो आजही माझ्यासमोर उभा राहतो. लेक किंचित हसली.

"आये," ती म्हणाली.

तिच्या त्या एका हाकेने मी खचले. मी म्हटलं, "उजवोच पडललो. मी डावो सांगलंय."

मला वाटलं, आता ती 'का' म्हणून विचारेल. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती, गुडघे, वय, आंबा, ह्यांचं जेवण. तिने तो प्रश्न विचारलाच नाही. हातातला आंबा पेंढ्यात ठेवला आणि विचारलं, "नि तो?"

कुठला, हे मला विचारावं लागलं नाही.

"तो खरो," मी म्हटलं.

"खरो?"

"देवीची शपथ. उजवोच पडललो. खूप वेळ पडा नाय होतो, मगे पडलो. मी काय एक करूक नाय."

"आणि ह्या वेळाक काय केलंस?"

तेव्हा मला भयंकर राग आला, तिचा नव्हे, सगळ्याचाच. तो कौल खरा होता. मी हातही लावला नव्हता. आता ते पटवायचं कसं? जुना गुरव मेला. त्या दिवशी हे बागेत होते. देवळात मी, तो आणि देवी, आणि देवी काही साक्षीला येत नाही. मी तिला सगळं बारीक सांगायला लागले. फुलं कुठली होती, गुरवाने किती वेळा पाणी लावलं, किती वेळ आम्ही उभे होतो, पाकळी कशी आधी सरकली, थांबली आणि मग पडली. वर्गात फळ्यापुढे उभं राहून शिकवावं तशी सांगत होते. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं विश्वास बसत नाही म्हणून. म्हणून मी आणखी जोर लावला.

शेवटी तिने हात वर करून मला थांबवलं.

"पटला माका," ती म्हणाली. "पुरे."

"मगे?"

"आज गुरव बोललो तेव्हा माका बरा वाटला, आये. खरांच. वाटला, म्हणजे तेव्हासुद्धा तू खोटाच सांगलंस असतला. लोकांक भियालंस, सासूक भियालंस, चुकलंस, पण तू ठरवलंस. माझ्या आवशीन ठरवल्यान, मगे चुकीचा का असेना. ता माका चलला असता. ताच विचारूचा होता माका, थंय नेऊन." ती थांबली. आंब्याचा देठ नखाने खरवडत होती. "खोटो असतो तर बरा झाला असता. तू माका दोन पाकळ्यांर सोडलंस."

तेव्हा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता तर? एवढी वर्षं शिकवलं, जगाला शहाणपण सांगितलं, एवढं तरी सुचायला हवं होतं. पण मला कोपऱ्यात गाठलं की मी चावते. मी म्हटलं, "सव्वीस वर्सांची घोडी होतंस. मगे माझा ऐकलंस कित्याक?"

ती म्हणाली, "तुझा खंय ऐकलंय? देवीचा ऐकलंय."

तिने पेटी पुरी भरली. वर पेंढा टाकला, झाकण ठेवलं, खिळे ठोकले, एकही वाकडा गेला नाही. दुसरी पेटी ओढली. दुपारपर्यंत आम्ही अकरा पेट्या भरल्या. जेवताना ह्यांनी विचारलं, आज दोघी एवढ्या गप्प कशा? ती म्हणाली, उन्हाने.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. मी वैभववाडीपर्यंत गाडीतून गेले, एरवी जात नाही. स्टेशनाबाहेर गाडी थांबल्यावर ती खाली उतरली, खिडकीशी आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही गाडीतच बसा. उन्हात उतरू नका."

मला आधी वाटलं, ड्रायव्हर परका आहे म्हणून. आमच्या घरात आईला कुणी अहो-जाहो करत नाही. देवीलासुद्धा आम्ही अगं म्हणतो. अहो म्हणते ती सून, कारण ती दुसऱ्या घरातून आलेली असते. दोन दिवसांनी फोन आला, "पोहोचले. तुमचे गुडघे कसे आहेत?" शुद्ध, पुस्तकी मराठी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, पेपर तपासायला दिला असता तर मी पैकीच्या पैकी दिले असते. मी मुद्दाम मालवणीत बोलत राहिले. ती तुम्ही म्हणत राहिली. मी म्हटलं, "ह्या काय नवीन काढलंस गो?" ती म्हणाली, "कुठे काय?"

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती लिस्बनला गेली. घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकत होती. ट्रामचा, निळ्या फरश्यांचा, कोळशावरच्या पेडव्यांचा. नातवंडं खाली लाल बदाम टाकत होती. चौथ्या दिवशी फोटो आला नाही. मी त्या दिवशी फोन हातात धरून बसले होते, आंब्याचा व्यापारी दारात येऊन गेला तरी उठले नाही.

पॅरिसला ती विमानतळावर आमच्या आधी येऊन उभी होती. भावाला मिठी मारली, पोरांना उचललं, वडिलांच्या हातातली बॅग घेतली, मला वाकून नमस्कार केला. त्या दहा दिवसांत तिने माझी जी उस्तवार केली तशी कुणी कुणाची करणार नाही. सकाळी माझं पाणी गरम, बसमध्ये जागा पुढची, दर दोन तासांनी विचारणं, पाय दुखतात का, शाल देऊ का, तुम्हाला बाथरूमला जायचंय का. सून हातातल्या पोरांत गुंतलेली, तिला तर बरंच झालं. हे मला म्हणाले, पोरगी आता शहाणी झाली गो. मी रोज वाट बघत होते की एकदा तरी ती चिडेल, एकदा तरी तोंडातून 'आये' निघेल. एकदा जिन्यावर माझा पाय घसरला, तिने पटकन दंड धरला, आणि तेवढ्या घाईतही म्हणाली, "सांभाळा."

स्वित्झर्लंडकडे जाताना बसमध्ये आमच्या शेजारच्या बाकावर नागपूरकडच्या एक बाई होत्या, गोड, बोलक्या, सगळ्यांची चौकशी करणाऱ्या. लेकीने माझा पट्टा लावला, गोळी हातात दिली, बाटलीचं झाकण उघडून ठेवलं. त्या बघत होत्या.

"नशीबवान आहात हो," त्या मला म्हणाल्या. "किती करते सून तुमचं. हल्ली पोटच्या मुलीसुद्धा एवढं करत नाहीत." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "किती वर्षं झाली गं लग्नाला?"

लेक त्यांच्याकडे बघून हसली, अगदी आदबीने. "आई सांगतील," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सून नाही. ती माझी लेक आहे."

बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. "अगदी बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "सुनेला लेकच म्हणायचं असतं."

मी लेकीकडे बघितलं. ती खरं सांगेल म्हणून बघत राहिले. तिने माझ्या मांडीवरची शाल सारखी केली आणि बाटली पुढे धरली.

"पाणी घ्या," ती म्हणाली. "गोळी तोंडात विरघळेल तुमच्या."